बेरिलबाई जेवणाऱ्यांसमोर गात नाहीत

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या किचनच्या फ्रीजवर चिठ्ठ्या साठतात ना, तसे ते साठतात. खोली बाराला मीठ नको, खोली वीसला सूप पातळ, आणि मधेच कुठेतरी बेरिलबाई काल काय म्हणाल्या ते. शुक्रवारी आम्ही सगळ्या चिठ्ठ्या फाडतो. बेरिलबाईंच्या फाडवत नाहीत.

मी रॉटरडॅमला लागून असलेल्या कापेल आन डेन आयसेलला, म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात स्वयंपाकी आहे. नववीत शाळा सोडली, पुण्यात मेसमध्ये पोळ्या लाटल्या, मग इथल्या एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये कुक म्हणून आलो आणि तिथून इकडे. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

बेरिलबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. मूळच्या इंग्लंडच्या. पन्नासच्या दशकात तिकडे त्या गायिका म्हणून गाजल्या होत्या. डान्स बँडबरोबर गायच्या, रेडिओवर लागायच्या, मासिकात फोटो यायचे. त्यांची एक रेकॉर्ड खपाच्या यादीतही आली होती. मी चार वर्षांपूर्वी इथे लागलो तेव्हा ती अकराव्या नंबरवर होती. दोन वर्षांनी सातव्यावर आली. यंदा चौथ्यावर आहे.

त्यांची मुलगी मार्योलाइन एकदा म्हणाली, "आई, रेकॉर्ड निघून सत्तर वर्षं होत आली. अजून वर जातेय?"

बेरिलबाई म्हणाल्या, "चांगलं गाणं सावकाश चढतं."

*

आमची ओळख झाली ती एका कागदामुळे. मी नवीन होतो. कोणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे त्याचा डच भाषेतला तक्ता आमच्या किचनप्रमुख आनेके यांनी माझ्या हातात दिला होता. मला त्यातलं निम्मंही वाचता येत नव्हतं. पण तो हातात धरून ट्रॉली ढकलली की माणूस कामाचा दिसतो, एवढं कळलं होतं. कोणाला काय चालत नाही ते मी शेजारच्या नर्सला विचारून पाठ केलं होतं.

तिसऱ्या दिवशी बेरिलबाईंनी मला थांबवलं आणि जवळ बसवून स्वतःची गोष्ट सांगितली. त्यांनीही पंधराव्या वर्षी शाळा सोडली होती. बिस्किटांच्या कारखान्यात डबे भरता भरता गायच्या, तिथून एका बँडमास्तराने उचललं. पहिल्या दिवशी त्याने नोटेशनचा कागद हातात ठेवला. त्यांना एक अक्षर कळेना. त्यांनी सगळी गाणी कानाने पाठ केली आणि स्टेजवर तो कागद धरून गायल्या. गाणं कुठलंही असो, कागद तोच. असं दोन वर्षं.

बँड सोडला त्या दिवशी पियानोवाला जवळ आला आणि अदबीने म्हणाला, "मिस, आता लागणार नसेल तर तो कागद द्याल का? ट्रम्पेटवाल्याचा आहे. बिचारा दोन वर्षं अंदाजाने वाजवतोय."

एवढं सांगून त्यांनी माझ्या हातातल्या तक्त्याकडे बघितलं. म्हणाल्या, "तुझा तर उलटा आहे, बाळा."

त्या दिवसापासून रोज दुपारी तीन वाजता त्या मला तो तक्ता वाचायला शिकवायला लागल्या. डच भाषा मी अ‍ॅलर्जीतून शिकलोय. शेंगदाणा, अंडं, शिंपले हे शब्द मला "नमस्कार, कसे आहात"च्या आधी येत होते.

*

त्यांच्या मॅनेजरने त्यांचं नाव बदललं, वय दोन वर्षांनी कमी केलं आणि वडिलांना जहाजाचा कप्तान करून टाकलं. वडील खरं तर बंदरावर मासे साफ करायचे.

एकदा वडील न सांगता थिएटरवर आले, कोट वगैरे घालून. नेमका एक पत्रकार बसलेला. मॅनेजर घाबरून म्हणाला, हे कप्तानसाहेब. पत्रकाराने वही काढली आणि जहाजांबद्दल काही सांगा म्हणाला. वडिलांना खोटं बोलायची सवय नव्हती आणि मुलीची अब्रू घालवायचीही इच्छा नव्हती. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "आमच्या बंदरात जहाजातून जे जे उतरलं, त्यावरून माझा हात फिरलाय."

दुसऱ्या दिवशी छापून आलं की कप्तानसाहेब इतके काटेकोर, की उतरलेला सगळा माल स्वतः तपासतात.

ते कात्रण बेरिलबाईंच्या खोलीत फ्रेममध्ये आहे. स्वतःचे फोटो पेटीत, वडिलांचं कात्रण भिंतीवर.

*

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बेरिलबाई गात नाहीत.

त्यांची कारकीर्द नंतर नंतर हॉटेलांच्या डायनिंग हॉलमध्ये गेली. त्या गाताहेत आणि समोर लोक जेवताहेत. मला म्हणाल्या होत्या, "दहा वर्षं मी लोकांच्या जेवणावर गायले, योगेश. एक काटा बशीवर वाजला की माझा एक शब्द मेला."

अशाच एका उन्हाळ्यात त्या इथल्या समुद्रकाठच्या एका हॉटेलात गायला आल्या. पहिल्या टेबलावर विम नावाचा एक तरुण इंजिनीअर बसला होता. गाणं सुरू झालं आणि त्याने काटा-सुरी खाली ठेवली. समोरचा मासा गार झाला तरी त्याने हात लावला नाही. नुसता बघत बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. बेरिलबाईंनी त्या शरद ऋतूत त्याच्याशी लग्न केलं, इंग्लंड सोडलं आणि ठरवून टाकलं की यापुढे कोणी खात असेल तिथे आपण गाणार नाही.

गाणं तिथेच संपलं. कारण या देशात चार माणसं कॉफी आणि केकशिवाय जमतच नाहीत.

लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला त्यांनी विमना सगळ्यांसमोर विचारलं, "त्या दिवशी तू का जेवला नाहीस ते सांग ना." विम खरं बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "मासा बिघडला होता."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"तोच मासा होता."

बेरिलबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. विम आता नाहीत. पण हा किस्सा सांगताना त्या अजूनही शेवटी म्हणतात, "मला वाटतं खोटं बोलला. लाजायचा."

*

या नियमाचा खरा फटका बसला तो मार्योलाइनला. साठीची बाई, पण आईला समोर गाताना तिने कधी ऐकलेलं नाही. लहानपणी स्वयंपाकघरातून गुणगुणणं यायचं, ही काही खायला आत गेली की बंद. तिच्याकडे फक्त रेकॉर्डी.

यंदा मे महिन्यात बेरिलबाईंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन ऑक्टोबरमध्ये ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं की गाठ साधी आहे, जिवाला काही नाही, पण आवाज राहील की नाही ते सांगता येत नाही. त्या दिवशी मार्योलाइन आमच्या किचनच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला एकदाच ऐकायचंय. तुम्ही लोक काहीतरी करा."

बेरिलबाईंचा वाढदिवस जूनमध्ये. आम्ही ठरवलं की त्या दिवशी आधी गाणं, मग कॉफी. नव्वदीचे हेंककाका, पूर्वीचे ट्रामड्रायव्हर, अ‍ॅकॉर्डियन वाजवणार. आनेके यांनी दहाची कॉफी वीस मिनिटं पुढे ढकलली. असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. दोन आजोबांनी तक्रारीचा फॉर्म मागितला.

सगळे खुर्च्यांचं कडं करून बसले. इथल्या पद्धतीप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं, मुलीचं, शेजारणीचं, माझंसुद्धा. मग शांतता. बेरिलबाई उठल्या. हेंककाकांनी सूर धरला. बाईंनी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि इतक्या शांततेत कागदाचा कुरकुर आवाज झाला.

हेंककाका एका हाताने पेपरमिंट सोलत होते. चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की पेपरमिंट तोंडात टाकायची ही त्यांची सत्तर वर्षांची सवय. हात आपोआप खिशात गेला होता.

बेरिलबाईंनी तोंड मिटलं. खाली बसल्या. म्हणाल्या, "सावकाश खा, हेंक."

मार्योलाइन हसली, सगळ्यांबरोबर हसली. पण नंतर कप धुवायला माझ्या मदतीला आली आणि एकच कप खूप वेळ धूत राहिली.

*

सप्टेंबरमध्ये गणपती आले. मराठी मंडळाला रविवारसाठी हॉल मिळेना, म्हणून मी आनेके यांना विचारून आमचा हॉल मिळवून दिला. मंडळाच्या सेक्रेटरी मुग्धाताई पुण्याच्या, रॉटरडॅमला आयटीत. त्या गणपतीसुद्धा स्प्रेडशीटमध्ये बसवतात. हॉल लहान, रांग लागायला नको, म्हणून त्यांनी ठरवलं की ताटं आधीच टेबलांवर वाढून ठेवायची. आरती झाली की सगळे एकदम जेवतील. मी आपल्याकडचं सामान मिळतं त्या सुरिनामी दुकानातून तांदळाचं पीठ आणून सकाळपासून मोदक उकडत होतो.

प्लॅनमध्ये सगळं होतं, फक्त ट्रेन नव्हती. आमचे भटजी म्हणजे डेल्फ्टला पीएचडी करणारा एक मुलगा. त्याची गाडी मधेच कुठेतरी थांबली. साडेबाराची आरती एक वाजला तरी नाही. शंभर माणसं, समोर वरणभात, बटाट्याची भाजी, तूप सोडलेला मोदक, आणि सगळ्यांचे हात मांडीवर. मुलं मोदकाकडे बघून आईला डचमध्ये काहीतरी विचारत होती आणि आया मराठीत नाही म्हणत होत्या.

वासामुळे बेरिलबाई वॉकर ढकलत खाली आल्या, मागे मार्योलाइन. एका मावशींना पाहुणीचं वाईट वाटलं, त्यांनी मार्योलाइनच्या हातावर एक मोदक ठेवला. बेरिलबाई मात्र दारातच उभ्या. त्यांनी अख्खा हॉल नजरेखालून घातला. मग मला खुणेने बोलावलं.

"या लोकांना भूक नाही का?"

"आहे. सकाळपासून उपाशी आहेत."

"मग कोणी खात का नाही?"

आरती म्हणजे काय ते मला डचमध्ये सांगता येईना. अ‍ॅलर्जीच्या तक्त्यात तो शब्द नव्हता. मी म्हणालो, "गाणं झाल्याशिवाय आमच्यात कोणी खात नाही."

"एकही जण नाही?"

"एकही नाही."

त्यांनी वॉकरचा ब्रेक लावला. पर्स माझ्याकडे दिली. लिपस्टिक नीट आहे का विचारलं. आणि काही धरायला न घेता चालत गणपतीच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

मी मुग्धाताईंकडे बघितलं. त्यांनी मोबाइलवर ट्रेनची वेळ बघितली आणि म्हणाल्या, "गाऊ दे आजींना. अजून वीस मिनिटं आहेत."

आवाज बारीक होता, वर जाताना थोडा चिरकत होता. शंभर ताटं समोर होती आणि एक चमचा वाजला नाही. पहिलं गाणं संपलं. त्यांनी सगळ्यांच्या हातांकडे बघितलं आणि दुसरं सुरू केलं. मग तिसरं, ते अकरावरून चौथ्यावर आलेलं. मधेच भटजी येऊन पोचला, तोही बूट हातात घेऊन दाराशी उभा राहिला.

टाळ्या थांबल्या तेव्हा बेरिलबाई हळूहळू मार्योलाइनपाशी आल्या. ती भिंतीला टेकून होती. मोदक अजून तिच्या तळहातावर तसाच होता, पार गार झालेला, आणि तूप ओघळून कोपरापर्यंत गेलं होतं. तिच्या ते लक्षातही नव्हतं.

बेरिलबाईंनी मोदकाकडे बघितलं. मग मुलीच्या तोंडाकडे. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"योगेश, खरं सांग. बिघडलेला तर नाही ना?"