विटेतलं तेल

शामुवेल गेल्याची तार केडगावला त्याच्या थोरल्या भावाकडे आली आणि ती मुठीत धरून भाऊ दौंडला माझ्या दुकानात आला. गुजरातेत, तेलाच्या विहिरीवर काम करता करता छातीत कळ आली, एवढंच कळवलं होतं. मी तेव्हा इंजिनाच्या भावावरून एका गिऱ्हाइकाशी हमरीतुमरीवर आलो होतो. तार वाचली... रडू आलं नाही, भीती वाटली. आता तेलाचं खरं काय ते मला कोण सांगणार?

आम्ही केडगावच्या एकाच शाळेतले. मी शाळा सोडून सायकलला रॉकेलचे डबे बांधून गावोगाव फिरलो आणि त्यातून ऑईल इंजिनांचं दुकान उभं केलं, कुणाच्या पाया न पडता. तो फिटर झाला आणि गुजरातेत तेल लागलं तसा तिकडे गेला. नाताळाला घरी आला की दुकानात येऊन बसायचा. मी विचारायचो, "काय लेका, हाय का तेल अजून?" "हाय की! तुझी इंजिनं न्हाई बुडत इतक्यात," म्हणून हसायचा.

गेल्या नाताळात मात्र हसला नाही. वडगाव रासाईचे एक आबा भीमेच्या काठावर पाणी उपसायला इंजिन बघत होते, सौदा जुळत आला होता. मी नेहमीचं सांगितलं, "आबा, जमिनीत तेलाचा समुद्र हाय. नातवाला बी पुरंल."

"समुद्र नसतोय रं, दगड असतोय," शामुवेल म्हणाला. शेगडी पेटवायला आम्ही विटेचा तुकडा रॉकेलात भिजत ठेवतो, तो त्यानं आतून आणला, पुसला आणि पाण्याच्या ग्लासात सोडला. विटेला घामासारखे तेलाचे थेंब फुटले नि वर तरंगू लागले. "विहीर आधी आपसूक तेल टाकती. मंग दाब उतरतो. तवा शेजारच्या विहिरीतनं आम्ही खाली पाणी दाबतो, ते असं तेल ढकलतं."

थेंब थांबले. "संपलं व्हय?" आबांनी विचारलं.

"न्हाई आबा, आत लई हाय. पर निघत न्हाई. साहेब म्हणत्यात, उद्या वाफ सोडू, साबणावानी औषध सोडू... निघंल तवा खरं. दाबाचा काटा खाली आला की मी रातच्याला उठून परत बघून येतोय."

"मग आमची मोटच बरी," म्हणून आबा उठले.

मी शामुवेलला नको नको ते बोललो. तो जाताना म्हणाला, "तुला भ्या वाटत न्हाई तर बरंच हाय, गणपत. मला वाटतंय." तो राग अजून उतरलेला नाही. माझ्या दुकानात, माझ्याच गिऱ्हाइकासमोर! माणूस मेला म्हणून असं विसरता येत नाही. पण शिरूरपासून दौंडपर्यंत नदीकाठानं माझी इंजिनं धडधडतात, आणि तो आवाज ऐकून पूर्वी छाती फुगायची. आता मध्येच एखादं बंद पडलं की मी जागीच थबकतो. तेल संपलं तर ही सगळी माणसं माझ्याच दारात येणार. समुद्राचा शब्द मी दिलाय.

तो तुकडा मी पुसून झाकणाच्या डब्यात ठेवलाय. "आवो, ती वीट द्या की," असं बायको म्हणते. मी तिला दुसरी देतो. मी कधी झाकण उघडून हुंगतो. वास आहे... आत तेल आहे म्हणाला होता. एक काडी लावली की कळेल. काडी ओढतो, ज्योत विटेजवळ नेतो आणि फुंकून टाकतो.

नाही पेटली तर?