एक आड एक झाड

उस्मानभाई गेल्याचं कार्ड अमरावतीला शाळेतच हातात पडलं. वर्ग सोडला, अकोल्याची गाडी धरली. पण गावी पोचेतो माती होऊन गेली होती. त्याला तीन आठवडे झाले. लोक म्हणतात, मास्तर, तुम्ही त्यांचे जिगरी दोस्त, तुम्हीच लिहा. दोस्त खरा... पण भर चावडीत त्या माणसाच्या काळजावर घाव घालणाराही मीच, तेव्हा तेच लिहितो.

आमचं गाव खारपाणपट्ट्याच्या काठावरचं. कुठंही खणा, पाणी खारट. गोड्या पाण्याची विहीर एकच, टेकाडाच्या पायथ्याशी, आणि टेकाड पार बोडकं. चैत्रात तिथली धूळ ताटातल्या भाकरीवर यायची, पावसात माती वाहून जायची. उस्मानभाई विहिरी खणणारे, मी तेव्हा गावातच शाळामास्तर. दोघांनी डोकं लावून एक पद्धत पाडली : लेक सासरी निघाली की तिच्या नावानं टेकाडावर एक कडुलिंब लावायचा आणि आईनं तो जगवायचा. लेकीचं झाड कोणती आई तहानेलं ठेवील? मात्र घागरी लांब वाहायला नकोत म्हणून प्रत्येकीला जागा हवी विहिरीजवळच. आम्हीही दिली. दोन-दोन हातांवर झाड! गाढवपणा तो आमचाच. पण काही वर्षांत धूळ थांबली, नागपूरहून दौऱ्यावर आलेल्या साहेबानं पाठ थोपटली, आणि मी आठवडाभर फुगून फिरलो.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. विहीर खाली जाऊ लागली. उस्मानभाई रोज सकाळी गाठी मारलेला दोर सोडून पाणी मोजत. अंगणात भरली परात ठेवून ऊन दिवसाला किती पितं तेही बघत. एक दिवस माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"मास्तर, पडला किती, वाहून गेला किती, उन्हानं नेला किती, सारं आपून धरलं. झाडं किती पेतात थे धरलंच नाई. निमी तोडा लागतीन."

माझं डोकंच फिरलं. चावडीवर बैठक बसली. त्यांनी शांतपणे समजावलं, की एक आड एक झाड काढू, मोकळ्या जागेत दगडांच्या ताली घालून पवन्याचं गवत पेरू. गवत माती धरील आणि पाणी कमी मागेल. नाही तर आधी विहीर जाईल, मागोमाग सगळी झाडं. बाया रडायला लागल्या. आणि मी उठलो. त्यांची सकिना पहिल्याच बाळंतपणात सासरी वारली होती, हे ठाऊक असून म्हणालो, "ज्याची लेक राहिली नाही, त्याला दुसऱ्याच्या लेकीचं झाड तोडायला काय जातं?"

उस्मानभाई उठून गेले. दुसऱ्या दिवशी विहिरीजवळच्या ओळीत पहिली कुऱ्हाड त्यांनी सकिनाच्याच झाडावर घातली. त्यानंतर कोण बोलणार? एक आड एक झाडं पडली. सगळा ज्येष्ठ महिना गाव जीव मुठीत धरून होतं. दोराची शेवटची गाठ तेवढी ओली यायची, कधी नुसती दमट. पण पाऊस येईपर्यंत ती कोरडी निघाली नाही. पुढं आमचा चहा पुन्हा सुरू झाला, गप्पाही. माफी मात्र मी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू, करता करता माणूसच गेला.

परवा भाभींना भेटायला गेलो. दाराच्या पडद्याआडून त्या म्हणाल्या, "वळीतलं पयलं झाड तुमच्या कमलचं होतं, मास्तर. मोजनी तिथूनच लागत होती. यायनं दुसऱ्यापासून धरली. म्हने, मास्तरची लेक जित्ती हाय, माहेरी आली का झाड पायीन."

मला तिथं बसवेना. तसाच टेकाडावर गेलो. कमलचा लिंब चांगला डेरेदार झालाय. शेजारी गवतात सकिनाच्या झाडाचा बुंधा. कडुलिंबच तो, पावसात त्याला फुटवे येतात; दर श्रावणात उस्मानभाई ते स्वतःच्या हातानं खुडायचे, एवढी वर्षं. यंदा खुडायला कोणी नव्हतं. वीतभर उंचीचे, तांबूस पानांचे पाच फुटवे आले होते. मी खाली बसलो आणि चार खुडले.

पाचवा ठेवला. विहिरीला एवढं झेपेल.