विमलताईंची पाठ

विमलताई गेल्या, त्या सकाळीही त्यांनी आमच्या ह्यांना मारलंच. हे त्यांची कूस बदलत होते, ताईंची नखं ह्यांच्या दंडात रुतली, रक्त आलं, आणि थोड्याच वेळात सगळं संपलं... विमलताई माझी मोठी नणंद. जन्मभर शेगावला नर्स म्हणून राबल्या आणि शेवटी बीबी गावात आमच्या घरी अंथरुणाला खिळल्या. लोक म्हणतात, फार मायाळू होत्या. होत्या ना! पण ती माया अंगावर धावून यायची.

काही वर्षांपूर्वी हे ट्रॅक्टरवरून पडले, डावी मांडी मोडली. सळई टाकून घरी आणलं. कूस बदलत राहा, उठवून बसवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आमच्याकडे आजाऱ्याला बघायला अख्खं गणगोत लोटतं, आणि आलेल्या माणसाकडे पाठ करायची म्हणजे अपमान! म्हणून बाज दारासमोर आणि हे सदा उजव्या कुशीवर, तोंड पाहुण्यांकडे. हिवरा आश्रम गावचे ह्यांचे मामा तर रोज यायचे. "हलवू नका बाप्पा त्याले, हाड जुळू द्या," म्हणत चहावर चहा ढोसायचे.

ताई शेगावहून आल्या त्या दारातच थबकल्या. त्यांना वास आला होता. आत येऊन त्यांनी सरळ चादर ओढली. उजव्या खुब्यावर तळहाताएवढी जखम, कडा काळ्या, आत पू. मामांच्या हातातला कप हिसकावून त्यांनी अंगणात भिरकावला. "माहा भाऊ सडून राह्यला, अन् तुम्ही चहा पिऊन राह्यले? निंघा!" मग खसकन ह्यांना वळवलं. हे गुरासारखे ओरडले आणि ताईंच्या तोंडावर ठोसा हाणला. ओठ फुटला. मी किंचाळले. ताईंनी पदरानं रक्त पुसलं आणि चक्क हसल्या.

"हाव, मार सुध्या! जोर हाये ना अजून? मंग उठ!"

त्यांनी आढ्याला बैलाचा कासरा बांधला. त्याला धरून ह्यांनी स्वतःला वर ओढायचं. पुढे कितीतरी दिवस घरात शिव्या, किंकाळ्या, फेकलेली भांडी... हे त्यांना कसाई म्हणत. जखम भरली. हे चालू लागले. त्या दिवशी ताई म्हणाल्या, "मी पडली त मले बी सोडू नको. मी मारीन, चावीन, तरी वळव."

आणि तसंच झालं. लकव्यानं ताईंची उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला डावा हात. वळवलं की त्या हातानं त्या ह्यांना झोडपायच्या. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, पण हात थांबायचे नाहीत. "ताई, मार, पन वळ," एवढंच म्हणायचे. मला दोघांचाही राग यायचा, आणि रडूही यायचं.

शेवटची आंघोळ घालताना आम्ही बायकांनी ताईंना कुशीवर केलं. शेजारच्या काकू एकदम म्हणाल्या, "अवं माय, एक डाग नाही!" खरंच नव्हता. मी तशीच बाहेर गेले आणि ओट्यावर बसलेल्या ह्यांना सांगितलं. तेव्हा कुठे हे हंबरडा फोडून रडले.

कासरा अजून आढ्याला आहे. ह्यांच्या दंडावरचा ओरखडा मात्र कधीच बुजायला हवा होता. पण खपली धरली की हा माणूस ती नखानं काढतो. मी आधी ओरडायची. आता हळद लावून देते.