सेन्सेईंची शिवी

सेन्सेई ज्याला जीव लावत, त्याला रोज सकाळी न चुकता मूर्ख म्हणत. तेही जपानीतून. "ए बाका, हेल्मेट काय पूजेला ठेवलंय का?" ओमानमध्ये दुक्मच्या रिफायनरीच्या कामावर आम्ही चार-पाच मराठी पोरं होतो आणि सगळेच बाका होतो.

ते मूळचे नागपूरचे. तरुणपणी सहा वर्षं जपानमध्ये पाइपिंग शिकलेले, म्हणून आम्ही त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी म्हणायचो. लाडात आले की ते नावापुढे 'चान' लावत, जपानी लोक लहान मुलांना लावतात तसं. मी नव्वद किलोचा दाढीवाला माणूस, पण संदीप-चान होतो. "मग ते आदराचं 'सान' कुणाला म्हणायचं?" मी एकदा विचारलं. "क्लायंटला. परक्या माणसाला. अजून कुणाला बे?"

त्यांचा एकच हट्ट होता. पाइपात दाबानं पाणी भरून टेस्ट घेण्याआधी अख्खी लाइन पायी फिरायची, प्रत्येक जोडाला हात लावायचा, मगच सही. एका दुपारी वाळूचा वारा सुटला होता. मी गाडीच्या एसीत बसून सही केली.

क्लायंटसमोर दाब चढवला आणि एका जोडातून पाण्याचा फवारा उडाला. बोल्ट नुसते हातानं आवळलेले होते. कुणाला लागलं नाही, हे नशीब. "हू चेक्ड धिस?" क्लायंटनं विचारलं. मी बुटांकडे बघत राहिलो. सेन्सेई पुढे झाले. "माय लाइन, सर. माय मिस्टेक." मी तेव्हा बोललो नाही, नंतर खोलीवर जाऊनही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये त्यांनी डाळीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "घ्या, संदीप-सान."

पुढचे चार महिने ते माझ्याशी कमालीच्या अदबीनं वागले. रागावले नाहीत, काम शिकवायचेही थांबले नाहीत. माफी मागायचं मी रोज ठरवायचो आणि रोज राहून जायचं. हळूहळू मला काही वाटेनासंच झालं. कॉन्ट्रॅक्ट संपवून ते कायमचे नागपूरला निघाले, तेव्हा मी त्यांची बॅग गाडीत ठेवली, हात मिळवला आणि साइटवर गेलो.

दोन वर्षांनी ते वारल्याचं कळलं. तेव्हाही डोळे कोरडेच. त्यांच्या घरी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, फोन करून नाव सांगितलं.

"अगंबाई, तुम्हीच का ते!" काकू म्हणाल्या. "बाकीच्या पोरांना शेवटपर्यंत शिव्याच घालत होते हो. तुमचं नाव तेवढं फार आदरानं घ्यायचे."

मी "हो काकू" म्हणालो.