थोरल्याचा ब्रेक आणि धाकटीची डबी

माझ्या थोरल्या मुलाला दुसऱ्याचं बरं बघवत नाही. आई असून सांगते, कारण लपवायची सोयच नाही. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. बाकी माणूस सोन्यासारखा. कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली तर भरलं ताट सोडून धावेल. पण तिथं दुसरा मेकॅनिक आधी पोचलेला दिसला, की घरी येऊन दार आपटेल. धाकटी बहीण जन्मली तेव्हा हा तिच्या पाळण्यात जाऊन झोपला होता. पाय बाहेर लोंबत होते, तरी उतरेना. सून म्हणते, "आई, ते अजून उतरलेले नाहीत."

दुचाकी गाड्या दुरुस्त करायचं दुकान त्याच्या वडिलांचं. ते गेल्यावर थोरल्यानं चालवलं, आणि चांगलं चालवलं. वडिलांचे दोन नियम त्यानं जिवापाड जपले. गाडी कशासाठीही येवो, आधी तिचा ब्रेक बघायचा. आणि एकानं बघितलेलं दुसऱ्यानं पुन्हा उघडायचं नाही. उघडलं तर तो पहिल्याच्या हाताचा अपमान.

मग धाकटी आली. ती एका कारखान्यात बॅटरीवरच्या गाड्या जोडायची, तिथून सगळं शिकून आली आणि दुकानाच्या मागच्या भिंतीशी टेबल मांडून बसली. दुकानात बहिणीचा वाटा आहे हे थोरल्याला मान्य होतं. गिऱ्हाइकातही तिचा वाटा पडेल हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. हळूहळू लोक दारात उभे राहून त्याच्या डोक्यावरून आत बघायला लागले. "ताई आहेत का?"

"आहेत," हा म्हणायचा. "आम्हीही आहोत. दिसत नसू."

धाकटी एखादी गाडी चालू करून बाहेर काढायची, तेव्हा हा पाठ फिरवून उगाच पाने-पक्कड पुसत बसायचा. "आवाज नाही, धूर नाही," मला म्हणायचा. "आई, ही काय गाडी झाली? शिलाई मशीन आहे ते."

"मग तुला शिलाई मशिनीचा एवढा त्रास का होतो?" मी विचारलं. तर म्हणे, "मला कसला त्रास? मला काहीच त्रास नाही." आणि चहा न पिता गेला.

घरोघर जाऊन औषधपाणी करणारी एक नर्सबाई आमच्याकडे यायची. तिच्या दवाखान्यातल्या सगळ्याच नर्सेसना तसल्या गाड्या मिळाल्या होत्या आणि त्या दुरुस्तीला कुणाकडे द्यायच्या, हे तिच्या शब्दावर ठरणार होतं. आधी तिनं आपली गाडी टायर बदलायला टाकली, म्हणाली, बघू काम कसं होतं ते. धाकटी त्या संध्याकाळी माझ्याजवळ बसून म्हणाली, "आई, हे काम मिळालं तर राहते. नाहीतर टेबल उचलून परत कारखान्यात जाते. दादाचं फुगलेलं तोंड रोज बघवत नाही."

टायर धाकटीनं बदलला. थोरल्यानं नियमाप्रमाणे ब्रेक बघितला. एवढ्यावर थांबेल तर तो थोरला कसला? नर्सबाईचा हात लहान, बोटं ब्रेकपर्यंत नीट पोचत नाहीत, हे त्यानं हेरलं होतं. ब्रेकच्या दांडीला एक बारका स्क्रू असतो. तो फिरवून त्यानं दांडी मुठीच्या जवळ आणून ठेवली. जुन्या गाड्यांना तो कितीदा असं करायचा. नर्सबाईनं म्हणावं, वा, हे कुणी केलं? आणि कुणीतरी सांगावं, दादांनी. इतकीच त्याची इच्छा.

सकाळी नर्सबाई घ्यायला आली, तर गाडी हलेना. पुढचा दिवा लागतोय, हॉर्न वाजतोय, पण मूठ पिळली की चाक ढिम्म.

"काल तर मी चालवत आणली होती," नर्सबाई म्हणाली. धाकटीचा चेहरा उतरला. थोरला पाने पुसायला बसला, आणि मी बघत होते ना, त्याच्या मिशीत हसू होतं.

या गाड्यांच्या पोटात एक डबी असते, तिला कंट्रोलर म्हणतात. बॅटरीतून किती सोडायचं आणि चाकाला किती द्यायचं हे ती डबी ठरवते; घरात सगळं सासूच्या हातून जावं तसं. डबी रुसली की सगळं घर बसलं. धाकटीनं बॅटरीला मीटर लावला, ठीक होती. मूठ तपासली, ठीक होती. मग डबीतून चाकाकडं जाणाऱ्या तीन जाड तारा सोडवून मीटरच्या टोकांनी एकेक चाचपली. वैद्यानं नाडी धरावी तशी मान वाकडी करून ती बसली होती. चाक हातानं फिरवलं, हलकं फिरलं.

"डबीच गेली असणार," ती शेवटी म्हणाली. "दुसरं काही उरलंच नाही."

आपल्याजवळची नवी डबी तिनं बसवली. मूठ पिळली. चाक तसंच.

"नवीन डबीसुद्धा रुसली वाटतं," थोरला पाठमोराच बोलला. "आमच्या गाड्यांत रुसायला कुणी नसतं बाई."

"दादा, आत्ता नको."

"मी काय केलं? बोलायचंसुद्धा नाही का?"

ब्रेककडे धाकटीनं ढुंकून बघितलं नाही. दादानं बघितलेला ब्रेक कसा उघडायचा? त्यातून सकाळपासून त्याचे टोमणे चाललेले.

गाडीचं तोंड तिच्या टेबलाकडं होतं आणि शेपूट याच्याकडं. जेवणाआधी हा हात धुवायला उठला आणि मध्येच थबकला. गाडीचा मागचा, ब्रेक दाबल्यावर लागतो तो लाल दिवा लागलेला होता. उन्हात फिका, पण लागलेला. ब्रेकला तर कुणाचा हात नव्हता. कितीतरी गाड्यांचे दिवे जोडलेला माणूस तो. त्याला क्षणात कळलं. गाडीला वाटतंय ब्रेक दाबलेलाच आहे, म्हणून ती चाकाला काही सोडतच नाही. आणि दांडी कुणी जवळ आणली, तेही कळलं.

त्यानं हात धुतले. जेवायला बसला आणि आमटीत बोट फिरवत राहिला.

सुनेनं विचारलं, "मीठ जास्त झालंय का?"

"नाही. बरी आहे."

"बरी नसताना तुम्ही बरी म्हणता, तेव्हा काहीतरी झालेलं असतं."

दुपारी नर्सबाई परत आली. धाकटी उठून उभी राहिली, ओढणीला हात पुसले. "बाई, माझं चुकलं. मला वाटलं कंट्रोलर गेलाय, पण तो नाही. मला सापडत नाहीये. तुम्ही दुसरीकडे दाखवा, मला वाईट नाही वाटणार."

हेच ऐकायला थोरल्याचे कान किती दिवस आसुसले होते! मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या तोंडावर आनंद नव्हता. गोड म्हणून तोंडात टाकावं आणि कडू निघावं, तसं काहीतरी झालं होतं. नर्सबाई पर्स काखेला लावून वळली, तेव्हा हा स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीशी गेला. स्क्रू उलटा फिरवला, दांडी लांब झाली, लाल दिवा विझला. मूठ पिळली, तर चाक भिर्र फिरलं.

"अगं बाई!" नर्सबाई म्हणाली. "दादा, तुम्ही तर जादूगार निघालात. आता आमच्या सगळ्या गाड्या तुम्हीच बघायच्या."

एवढा मोठा मान त्याला जन्मात कुणी दिला नव्हता. त्यानं तो क्षणभर अंगाला लावून बघितलाही. मग खाली बघत म्हणाला, "मीच बिघडवली होती. तुमचा हात पुरावा म्हणून दांडी जवळ घेतली. हिची काही चूक नाही. हिनं बघितलं ते सगळं बरोबर होतं."

नर्सबाई दोघांकडं आळीपाळीनं बघून म्हणाली, "मग गाड्या ताईंकडेच पाठवते." आणि गाडीवर बसून गेली.

धाकटी हळूच म्हणाली, "दादा, कधी कळलं तुला?"

"जेवणाआधी."

"आणि तू आमटी खात बसलास?"

"खाल्ली नाही. विचार तुझ्या वहिनीला."

धाकटी हसली नाही. चार गोष्टी सुनावल्या, त्यानं ऐकून घेतल्या. शेवटी ती म्हणाली, "आजपासून तू बघितलेला ब्रेक मी पुन्हा बघणार. बाबांचा नियम असला तरी."

याचे कान लाल झाले. मला वाटलं, आता दार आपटतंय. पण तो म्हणाला, "बघ की. मग तुझ्या तारा मी बघणार."

"तुला येतात?"

"शिकव."

पुढची गाडी आली तेव्हा ती त्याच्या ब्रेकपाशी उकिडवी बसली आणि हा तिच्या टेबलाशी मीटरची टोकं दोन हातांत काठ्यांसारखी धरून उभा. ब्रेक चोख निघाला. तिनं तसं सांगितलं, तर म्हणाला, "तुझ्या कामात मात्र मी काहीतरी खोट काढणारच," आणि वाकून तारांमध्ये तोंड घातलं.