न हलवलेला हात

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि गेलो तेही औषधांच्या शाखेत, जिथे सगळं इंग्रजीत लिहितात. घरी मराठी बोलतो, पण ती जबलपूरची. वाक्य मराठीत सुरू होतं आणि कुठे जाऊन संपेल ते सांगता येत नाही. चुका असतील. तरी जे थीसिसमध्ये बसलं नाही ते कुठेतरी लिहून ठेवावं असं बरेच दिवस वाटत होतं.

लॅबमध्ये माझं औषधाचं जेल पुन्हा फसलं होतं, त्या दुपारी मावसबहिणीचा, पिंकीचा फोन आला.

"भैया, मम्मीचा हात कट गया. खिडकीचा काच घुसला. रक्त थांबतच नाही आहे."

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. जबलपूरमधल्याच गोरखपूर भागात राहते आणि घरीच ब्लाउज शिवते. काका नाहीत. पिंकी तेव्हा बारावीला होती. बाबांची नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला, खमरियाच्या कारखान्यात, तिथून माझं कॉलेज लांब पडायचं, म्हणून एम.फार्म.ची दोन वर्षं मी मावशीकडेच राहत होतो. थोडक्यात, ते घर मावशीच्या मशीनवर चालत होतं, आणि मशीन मावशीच्या उजव्या हातावर.

अडकलेली खिडकी तिने तळहाताने ढकलली होती. तावदान फुटलं आणि मनगट आत गेलं. ऑपरेशन लांबलं. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "नर्व कट गई थी। दोनों सिरे सिल दिए हैं, ऊपर से थोड़ा ग्लू भी लगाया है। अब टाइम लगेगा।"

हा ग्लू म्हणजे रक्तातल्याच पदार्थांपासून बनवलेला एक डिंक. नाजूक टाक्यांना त्याचा आधार होतो. त्यात औषध नसतं. मला हे माहीत होतं. मावशीला ते सांगायला हवं, असं तेव्हा कोणाच्या मनात आलं नाही.

इथे माझं काम थोडं सांगतो. नस म्हणजे इथे रक्ताची नव्हे, संवेदना आणि हालचाल नेणारी. ती कापली गेली की कापल्या जागेच्या पुढचे धागे मरतात, पण त्यांचं आवरण रिकाम्या नळीसारखं शिल्लक राहतं. शिवून दिलं तर वरच्या टोकातून नवे धागे फुटतात आणि त्या नळीतून खाली सरकतात. सगळं ठीक असलं तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर. या वाटेवर त्यांना मदत करतील अशी काही औषधं आहेत. पण गोळी खाल्ली तर औषध अंगभर फिरतं आणि हव्या त्या जागी थोडंच पोचतं. म्हणून नसेच्या शेजारीच ठेवता येईल आणि आठवडेच्या आठवडे थोडं थोडं औषध सोडत राहील असं जेल बनवायचं, हा माझा प्रोजेक्ट होता. माणसांसाठी नाही. उंदरांसाठी.

माझं जेल पहिल्याच दिवशी सगळं औषध सोडून द्यायचं. आमच्या भाषेत याला बर्स्ट म्हणतात. टाकीतलं आठवड्याचं पाणी एका सकाळी वाहून जावं, तसं. उपाय असा की जेलच्या आतल्या धाग्यांना एका रसायनाने गाठी मारायच्या. गाठी कमी पडल्या तर औषध निसटतं. जास्त झाल्या तर आतच अडकून बसतं. नेमक्या गाठी सापडेपर्यंत मी आणि माझा लॅबमधला दोस्त रोज तेच करत होतो. संध्याकाळी घरी आलो की फोनवर त्याला सांगायचो, "हात नको लावू. हलवू नको. बसू दे जेल. हललं की गेलं."

मावशी समोर बसून ऐकायची. उजवा हात उशीवर ठेवलेला असायचा.

काही आठवड्यांनी तिची पट्टी सुटली आणि व्यायाम सांगितले. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, तिन्ही बधिर होती. एकदा पोळ्या करताना तिचं बोट तव्याला टेकून राहिलं. वास आला तेव्हा तिला कळलं. तिने बोट पदरात लपवलं आणि पोळी उलटली. मी बघितलं हे तिला ठाऊक होतं.

नंतरच्या तपासणीला मी तिच्याबरोबर गेलो. फिजिओथेरपीच्या दीदींनी तिची बोटं वाकवून पाहिली. ती वाकेनात.

"आंटी, एक्सरसाइज़ कर रही हैं?"

"हां जी. रोज."

दीदींनी माझ्याकडे पाहिलं. "नस तो अपने टाइम से आएगी। पर तब तक जोड़ जाम हो गए तो नस आकर भी क्या करेगी?"

परत येताना छावणीतल्या सदर बाजारात ऑटो सोडला आणि चहाला थांबलो. मावशीने ग्लास डाव्या हातात घेतला. उजवा हात मांडीवर, जशाचा तसा.

"मावशी, तू व्यायाम करून राहिली ना?"

"करते ना."

"मग बोटं जाम कशी झाली?"

ती चहा फुंकत राहिली. मग म्हणाली, "काहून विचारतो? तूच तर म्हणतो हलवू नको."

"मी कधी म्हटलं?"

"त्या तुझ्या दोस्ताला रोज म्हणतो. बसू दे, हललं की गेलं. मी दही लावते तर पिंकीला भगोन्याजवळ फिरकू देते का? तेवढं मलाही समजते."

मला समजायला वेळ लागला.

"मावशी, तुझ्या हातात जेल आहे असं कोणी सांगितलं?"

"डॉक्टरनं नाही सांगितलं? ग्लू लावला म्हणून. तुझंच असंन ते." आवाज खाली आणून म्हणाली, "तुला बोलायला मनाई असंन, हे मी समजून गेली. म्हणून विचारलं नाही. पिंकीलाही नाही सांगितलं. आपल्या पोराचं औषध आहे, बसू दे नीट."

आजूबाजूला सदरची गर्दी होती. एक फौजी आपल्या लहान मुलीला जिलबी भरवत होता. मी तिकडे बघत बसलो.

एक सोपा रस्ता होता. "हो मावशी, माझंच जेल आहे. आता ते पक्कं बसलं, आता हात हलव," एवढं म्हटलं असतं तर ती त्याच संध्याकाळपासून व्यायामाला लागली असती. वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण तिने इतके दिवस माझ्यासाठी गुपित जपलं होतं, आणि तिला फसवून मी पुढे त्याच घरात जेवणार कसा, हा प्रश्न होता. शिवाय उद्या बोटं जागी झाली नाहीत तर तिने औषधाला दोष दिला नसता. आपणच हात हलवला असेल, असं म्हटलं असतं. हे मला पक्कं ठाऊक होतं.

"मावशी, ते माझं नाही. माझं अजून उंदरापर्यंतही पोचलं नाही. माणसात घालायला तर कितीतरी वर्षं लागतील. कदाचित कधी होणारही नाही."

तिने चहाचा एक घोट घेतला.

"मग आत काय आहे?"

"टाके आहेत. आणि तुझी नस. ती आपली आपण वाढून राहिली."

"एकटीच?"

"एकटीच."

तिने उजव्या हाताकडे पाहिलं. "मग जमंल तिला," म्हणाली.

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी कामाचं बोलायला लागलो. जेल कशापासून बनतं ते सांगितलं. त्यातला एक पदार्थ झिंग्यांच्या कवचापासून काढतात, असं बोलून गेलो.

मावशीने ग्लास खाली ठेवला. "झिंगे?"

"कवच फक्त."

"या हातानं मला महालक्ष्म्या बसवायच्या आहेत, आणि तू झिंगे घालून राहिला होता?"

"घातलेच नाही ना मावशी."

"बरं झालं नाही घातले," ती म्हणाली, आणि हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी कोमट पाण्याचा टब घेऊन आम्ही बसायचो. मी एकेक बोट वाकवायचो. तिला दुखायचं ते सांध्यात. बोटांच्या टोकांना काहीच कळत नव्हतं. पिंकी अभ्यास करता करता विचारायची, "मम्मी, रडते आहे की हसते आहे? एक कुछ तो ठरव." मावशी म्हणायची, "तू भूगोल वाच."

लॅबमध्येही हळूहळू जमायला लागलं. गाठी नेमक्या बसल्या. जेल रोज थोडं थोडं औषध सोडू लागलं. मग उंदरांवर प्रयोग झाला, रीतसर परवानगीने आणि भूल देऊन. एका पायाची नस दाबून इजा करायची, काही उंदरांना जेल लावायचं, काहींना नाही. मला ते सोपं गेलं नाही. मी उंदरांना हातात घेऊन बसायचो आणि दोस्त हसायचा.

नस भरून येते की नाही, हे उंदराला विचारता येत नाही. म्हणून त्याच्या मागच्या पायांना शाई लावून कागदाच्या लांब पट्टीवर चालवतात. चांगल्या पायाचं पाऊल उमटतं तेव्हा बोटं फाकलेली असतात. इजा झालेल्या पायाची बोटं एकमेकांना चिकटतात आणि पाऊल लांबट दिसतं. पट्टीवर मोजमाप घेतलं की नस किती परतली याचा अंदाज येतो.

पट्ट्यांच्या झेरॉक्स मी घरी मोजायला आणल्या होत्या. मावशीने वाकून पाहिलं.

"ही कोणाची पावलं?"

"उंदरांची."

"गणपती येऊन गेला वाटते."

भाद्रपद लागलाच होता. महालक्ष्म्यांच्या दिवशी मावशीने तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं. आमच्याकडे दारापासून आतपर्यंत लक्ष्मीची पावलं काढतात. मुठीची कड पिठात बुडवून जमिनीवर टेकवायची, की पाऊल उमटतं. मग बोटाच्या टोकाने पाच ठिपके दिले की त्याची बोटं होतात. मूठ आता नीट वळत होती. पाऊल छान उमटलं. ठिपके मात्र जमेनात. बोट जमिनीला टेकलं की नाही, किती दाबलं, हे तिला कळत नव्हतं. पीठ पसरलं आणि पाचही ठिपके एकमेकांत मिसळले.

मावशीच म्हणाली, "ही तर तुझ्या आजारी उंदराची झाली."

पिंकी पुढे आली. "मम्मी, ठिपके मी देते ना. नाही तर लेफ्ट हँडनं दे."

"नको," मावशी म्हणाली. "येऊ दे अशीच. कोणाच्या घरी येऊन राहिली हे लक्ष्मीलाही माहीत असू दे."

दारापासून देवापर्यंत तिने सगळी पावलं त्याच हाताने काढली. एकाचीही बोटं सुटी नव्हती.

माझ्या प्रोजेक्टचा निकाल असा लागला. जेल लावलेल्या उंदरांची बोटं थोडी लवकर फाकली, पण फरक इतका लहान होता की तो जेलमुळेच, असं छातीठोक म्हणता येत नव्हतं. मी माझ्या गाइड मॅडमना विचारलं, निकालाच्या प्रकरणात काय लिहू?

"जो दिखा वही लिखो, बेटा। लिखो कि फ़र्क साफ़ नहीं है।"

"मॅडम, इतने दिन की मेहनत..."

"मेहनत का चैप्टर अलग से नहीं होता," त्या म्हणाल्या. मग स्वतःच्या डब्यातला पराठा माझ्याकडे सरकवला.

मी जे दिसलं ते लिहिलं. पास झालो. बाबांनी खमरियात पेढे वाटले. मुलगा कशात पास झाला, असं कोणी विचारलं की ते सांगत, "दवाई में." तेव्हापासून लोक मला तापाची गोळी विचारतात.

मला इंदूरला एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरी लागली. काम म्हणजे गोळी वेळेवर विरघळते की नाही ते बघत बसायचं. निघताना मावशीने डाव्या हाताने शिवलेली पिशवी दिली. शिलाई वाकडी होती. व्यायाम ती करतच होती, पण बोटांची टोकं अजून गप्पच होती. हिशेबाने जी वेळ यायला हवी होती ती उलटून गेली होती. हिशेब पुस्तकातला आहे, नसेला तो माहीत नसतो, असं मी तिला म्हणायचो. स्वतःला मात्र ते पटत नव्हतं.

या सगळ्यातून मी काय शिकलो, असं कोणी विचारलं तर उत्तर साधं आहे. औषध हळू सोडता येतं. नसेला घाई करायला लावता येत नाही. आणि घरात फोनवर काय बोलतो, ते जरा बघून बोलावं.

परवा जेवणाच्या सुट्टीत पिंकीचा फोन आला. ती इतकी जोरात बोलत होती की मी डबा तसाच ठेवून उठलो. पहिला फोन आठवला.

"भैया, मम्मीला सुई टोचली."

"कुठे?"

"उजव्या हाताच्या बोटात. अंगठ्याच्या बाजूवाल्या. ब्लाउजला हुक लावून राहिली होती. एकदम 'आई गं' म्हणाली. मी धावत आली, तर ही बसून हसून राहिली. मग परत टोचून पाहिली, स्वतःच. पागल हो गई है."

मागून मावशीचा आवाज आला, दे इकडे, दे. मग तिने फोन घेतला.

"सूरज," ती म्हणाली, "दुखते रे."