दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

ही गोष्ट मी चाळीसहून जास्त वर्षं कुणाला सांगितली नाही. विषय तिकडे वळायला लागला की मी चहा मागवायचो.

गेल्या महिन्यात आम्ही चौघे म्हातारे गारखेड्यातल्या एका मित्राच्या हॉलमध्ये जमलो. एका विलायती रॉक बँडची जुनी रेकॉर्ड आता नव्यानं छापून आली आहे, ती त्याच्या मुलीनं त्याला आणून दिली होती. कॉलेजात हा अल्बम आम्हाला पाठ होता, पण कॅसेटवरून. तेव्हा एका दिवसासाठी रेकॉर्ड उसनी आणून टेप मी केली होती. बाकी सगळ्यांच्या कॅसेटी माझ्या टेपवरून निघाल्या होत्या.

दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात, आमच्या कॅसेटवर, गिटार एका जागी जड होत जायची, खोल बुडायची आणि सगळं थांबायचं. या बुडण्यावर आम्ही तासन्‌तास बोललो होतो. एकानं तर त्याला मृत्यू म्हटलं होतं. आता सगळे डोळे मिटून त्या जागेची वाट बघत होते. जागा आली आणि गेली. गिटार वर चढली आणि पुढं चार मिनिटं वाजत राहिली.

"नकली दिसते ही."

"कव्हर बघ की. नकली कुठं?"

"मग नंतर वाढवलं असंल. आपलं होतं तेच खरं, मियाँ."

यजमान मित्रानं सुई उचलून पुन्हा तिथंच टेकवली. तीनदा ऐकलं. मलाही पुढं काय आहे ते पहिल्यांदाच कळत होतं.

मग मी सांगून टाकलं. रेकॉर्ड प्लेअर विजेवर होता, टेप सेलवर, मध्ये एक वायर. त्या गाण्यात लाइट गेली. तबकडी मंदावत थांबली आणि टेपनं ते मंदावणं उतरवून घेतलं. लाइट यायच्या आत ज्याची रेकॉर्ड होती तो ती न्यायला आला. दुसऱ्या दिवशी त्या शेवटानं सगळे इतके भारावले की मला बोलवेना.

"म्हणजे आपला मृत्यू म्हणजे लाइट गेली व्हय?" तिघेही हसून बेजार झाले. मग यजमानच थांबला. "आणि तो वैजापूरचा?"

आमच्यातला सर्वांत चांगला कान त्या वैजापूरच्या मित्राचा. हैदराबादला नातेवाइकाकडं त्यानं अख्खी रेकॉर्ड ऐकली होती. परत येऊन म्हणाला, "गाणं तिथं संपत नाय. पुढं लई वाजवलंय." त्यानं गुणगुणूनही दाखवलं. सगळ्यांनी त्याला थापाड्या ठरवलं. तो माझ्याकडं वळला. "टेप तू केलीस. तूच सांग." मी म्हणालो, "तू दुसरंच काहीतरी ऐकलं असशील." त्यानंतर तो आमच्यात आला नाही.

परवा वैजापूरला गेलो. त्यानं ओळखलं, जवळ बसवलं. सून म्हणाली, "मामंजींना ऐकू येत नाही आता. काय ते लिहून द्या," आणि पाटी पुढं ठेवली.

मी लिहिलं, 'गुडघे कसे आहेत?' तो गुडघ्यांबद्दल बराच वेळ बोलला. मी पाटी पुसली आणि लिहायला घेतलं, 'त्या गाण्याचं तू म्हणालास ते...'

तो वाचायला वाकला. मी तळव्यानं ते पुसलं आणि लिहिलं, 'निघतो आता.'